गच्चीवरचा न उतरणारा आकडा

१

असं समजा, की तुम्ही सतरा वर्षांचे आहात. केरळातल्या कोल्लमच्या एका कॉलेजात नुकतेच आला आहात आणि तिथल्या भौतिकशास्त्र मंडळात तुम्हाला घेतलं आहे. नुसतं नाव नोंदवून नव्हे. अष्टमीच्या संध्याकाळी प्रयोगशाळेतली सगळी यंत्रं सरस्वतीपुढे मांडली गेली. विजयादशमीपर्यंत त्यांना कुणी हात लावला नाही. आणि त्या सकाळी, पोटात नुसता कट्टन, म्हणजे बिनदुधाचा, चहा असताना, तुम्हाला वाळूने भरलेल्या परातीपुढे बसवलं. त्या दिवशी तिकडे घरोघरी लहान मुलांचं बोट धरून पहिलं अक्षर गिरवून घेतात. मंडळात वरच्या वर्गातल्या मुलीने तुमचं बोट धरलं आणि वाळूत एक सूत्र गिरवून घेतलं. सूत्र तुम्हाला शाळेपासून पाठ आहे, तरी अंगावर काटा आला. बोटाला वाळूतलं काहीतरी टोचलं, पण अशा वेळी हात मागे कोण घेतो?

आता असं समजा, की जिने तुमचं बोट धरलं होतं, तिलाच पुढच्या आठवड्यात सगळ्यांदेखत खोटारडी म्हटलं.

गोपिकाला असं समजावं लागलं नाही. तिच्या बाबतीत हेच झालं.

मंडळाच्या खोलीत सुबैदा टीचर उभ्या होत्या. मंडळाचा कारभार त्यांच्या देखरेखीखाली चाले. टेबलावर किरणोत्सर्ग मोजायचं छोटं यंत्र होतं. मुलं त्याला ‘टिकटिक्या’ म्हणत. जमीन, हवा, भिंती, आपलं अंग, सगळ्यांतून थोडे थोडे किरण निघतच असतात, आणि एकेक किरण आत शिरला की ते टिक करतं. आत्ताही ते सावकाश टिकटिकत होतं.

“ऐकलंस मेरीन? इथे कसं शहाण्यासारखं वागतंय,” टीचर म्हणाल्या. “आणि गच्चीवर? विजयादशमीपासून जवळजवळ दुप्पट. पाऊस असो, नसो. रात्र असो, दिवस असो. काल मी स्वतः वर जाऊन पाहिलं, मग पेटीतून काढून खाली आणलं. खाली आणताच गुणी बाळ!”

मेरीन तिसऱ्या वर्षाला होती. उंच, सावळी, कमी बोलणारी. पाऊस पडल्यावर जमिनीजवळची टिकटिक वाढते का, हा तिचा संशोधनाचा विषय. त्यासाठी यंत्र गच्चीवर एका पेटीत ठेवलेलं असे. बंगळूरच्या विद्यार्थी परिषदेत तिचा निबंध वाचला जायचा होता.

“टीचर, मी आकडे बदललेले नाहीत.”

“आकडे नाही बदललेस. यंत्राशेजारी काहीतरी ठेवलंस. कपाटातला सीलबंद नमुना भलत्याच खणात सापडला मला. तो काय पाय फुटून गेला?”

बटणाएवढा तो नमुना किरणोत्सारी होता. यंत्रं तपासायला वापरत, आणि टीचर समोर असल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही असा नियम होता.

“मी नमुन्याला हात लावला नाही.”

“शुक्रवारी बैठक आहे. तोवर दुसरं काही कारण पुढे आलं तर ठीक. नाहीतर मी परिषदेला कळवणार, निबंध मागे घेतोय म्हणून. आणि का मागे घेतोय, तेही कळवणार.”

असं पत्र एकदा गेलं की कुठलीच संस्था मेरीनला यंत्राजवळ उभी करणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

गोपिकाचा पाय बाकाखाली केव्हापासून हलत होता. ती ताडकन उठली. “पण टीचर...”

“तू कोणत्या वर्षाला?”

“पहिल्या.”

“मग बस.”

मेरीनने पिशवी उचलली. दाराशी थांबून तिने गोपिकाकडे पाहिलं. “तुलाही तसंच वाटतं का गं?”

गोपिकाला लगेच ‘नाही’ म्हणता आलं नाही. आणि तेवढ्यात मेरीन निघूनही गेली.

२

न दिलेलं उत्तर फार टोचतं. गोपिकाने दुपारचा तास बुडवला आणि मेरीनला कॅन्टीनच्या मागच्या पायरीवर गाठलं. दोन पळमपोरी कागदात गुंडाळून नेल्या होत्या. केळ्याची ती गरम भजी मेरीनने हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

“चेची, मला वाटत नाही तसं,” गोपिका म्हणाली. तिकडे ताईला चेची म्हणतात, दादाला चेट्टा.

“उशीर झाला उत्तराला.”

“विचार करून दिलं म्हणून.”

मेरीनला नाइलाजाने हसू आलं. “बोल. काय हवंय?”

“पावसाने टिकटिक वाढते म्हणजे काय होतं?”

“हवेत रेडॉन नावाचा वायू असतो, जमिनीतून वर येतो. त्याच्यापासून झालेले बारीक किरणोत्सारी कण हवेतल्या धुळीला चिकटतात. पाऊस ती धूळ झोडपून खाली आणतो. मग जमिनीजवळ थोडा वेळ टिकटिक वाढते.”

“थोडाच वेळ?”

“पावसाचा माल टिकाऊ नसतो गं. दोन-तीन तासांत मरतो. मग आकडा उतरतो.”

“आणि तुझा उतरला नाही.”

मेरीनने पळमपोरीचा तुकडा मोडून कावळ्याला टाकला. “नाही. आणि खरं सांगू? मी खूश झाले. दसऱ्यानंतर दोन पाऊस झाले, आकडा चढलेला. मला तो चढायलाच हवा होता. मग तो उतरत का नाही, हे विचारलंच नाही मी. टीचरना वाटतंय मी फसवलं. फसवलं नाही. पण डोळे मिटून घेतले.”

“नमुना कुणी हलवला असेल?”

“किल्ली टीचरच्या पर्समध्ये असते. फक्त अष्टमीला त्यांनी ती अजेषकडे दिली होती, पूजेला यंत्रं काढायला.” मेरीन उठली. “पण नादी लागू नकोस. मंडळात आल्या आल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांची चौकशी करायला लागलीस तर तुला कुणी टिकू देणार नाही.”

गोपिका लहान होती, पण एक गोष्ट तिला तेवढ्यात कळली होती. आकडा दुप्पट झाला तो विजयादशमीलाच. म्हणजे जे काही घडलं, ते पूजेत घडलं.

३

अजेष मंडळाचा सचिव. तो कधी स्वस्थ उभा राहत नसे. आत्ताही एका कानाला फोन, दुसऱ्या हातात व्याख्यानाची भित्तिपत्रकं.

“अजेषचेट्टा, किल्ली तुमच्याकडे होती ना?”

“आली पोलीस! होती. कपाट उघडलं, बैजूला सांगितलं काढ एकेक. मी फुलं, केळी, परात, वाळू बघत होतो. सगळं मीच बघायचं इथे.”

“वाळू कुठली होती?”

“नदीची. नदीचीच लागते. मामा राहतो ना पेरियारच्या काठी.” त्याने पत्रकं या हातातून त्या हातात घेतली. “तू ती नीट ठेवलीस ना? गिरवलेली वाळू पायदळी जाऊ द्यायची नाही, सांगितलं होतं मी.”

“उंच ठेवलीय. कुणाचा पाय लागणार नाही.”

“शाबास. मग आता मला जाऊ दे. आणि ऐक, मेरीन माझी मैत्रीण आहे. पण यंत्र खोटं बोलत नाही.”

तो गेला. गोपिकाला एवढंच लक्षात राहिलं, की मामाचं सांगताना त्याने तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

बैजू दुसऱ्या वर्षाचा, मंडळाचा विदूषक. तो प्रयोगशाळेत भिंगं पुसत होता.

“बैजूचेट्टा, मला नमुन्याची डबी बघायचीय. बाहेरून.”

“मला काय विचारतेस? टीचरना विचार. आधी मृत्युपत्र करून जा म्हणजे झालं.”

गोपिका खरंच टीचरकडे गेली. टीचरनी कपाट उघडून शिशाची डबी टेबलावर ठेवली. झाकण उघडलं नाही. गोपिका वाकली. डबीच्या कडेला पिवळट काहीतरी वाळून खपली झालं होतं. तिने नाक जवळ नेलं.

“वास काय घेतेस गं? मिठाई आहे का?”

“चंदन आहे टीचर.”

गोपिका परतली तेव्हा बैजू तेच भिंग पुसत होता, जे मघाशी पुसत होता.

“डबीला गंध कुणी लावलं?” तिने विचारलं.

त्याने भिंग खाली ठेवलं. आज पहिल्यांदाच त्याला विनोद सुचला नाही.

“सगळी यंत्रं देवीपुढे आणि तिलाच कपाटात ठेवायची? मला वाईट वाटलं. इतर यंत्रं तपासते कोण? तीच ना! म्हणून ठेवली, गंध लावलं, दसऱ्याला परत कपाटात टाकली. खण चुकला. बंद डबी होती गं, उघडली नाही. आईशप्पथ.”

“गच्चीवर नेली?”

“छे! पूजा इथे, डबी इथे.”

“मग टीचर मेरीनचेचीला बोलत होत्या तेव्हा बोलला का नाहीस?”

“नियम माहीत आहे ना? टीचर नसताना हात लावला की मंडळाबाहेर.” त्याने मान खाली घातली. “शुक्रवारी सांगणार आहे मी. सांगेन. पण त्याने काय होणार? आकडा तर दुप्पट आहेच ना!”

खरं होतं ते. नमुना गच्चीवर गेलाच नव्हता. मग गच्चीवर टिकटिकत काय होतं?

४

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीपुरतं टीचरनी टिकटिक्या दिला. “बैजू बरोबर असेल तरच,” म्हणाल्या. गोपिका दोन-दोन पायऱ्या चढत वर पोचली, तिच्यामागे बैजू धापा टाकत.

कठड्याजवळ मेरीनची प्लास्टिकची पेटी होती. तुलावर्षाचा, म्हणजे तिकडच्या परतीच्या पावसाचा, वारा आधी येतो, पाऊस मागून. त्या वाऱ्याने झाकण उडू नये म्हणून वर निळ्या फडक्याचं गाठोडं ठेवलेलं. बैजूने गाठोडं उचलून कठड्यावर ठेवलं, यंत्र आत ठेवलं, झाकण लावलं, गाठोडं परत चढवलं. दोघं कान देऊन बसले.

टिक-टिक, टिकटिक, टिक. भराभर. अगदी दुप्पट.

“नमुना कुठे आहे आत्ता?” गोपिकाने विचारलं.

“कपाटात. किल्ली टीचरच्या पर्समध्ये. आणि टीचर स्टाफरूममध्ये सांबार-भात खातायत.” बैजूचे डोळे मोठे झाले. “म्हणजे मेरीन सुटली!”

“नाही. टीचर म्हणतील, नमुना नाही तर दुसरं काहीतरी लपवलंय. पेटी तिचीच आहे. काय आहे ते सापडलं पाहिजे.”

गच्चीतच काही असेल का? गोपिकाने यंत्र काढून पाण्याच्या टाकीपाशी नेलं. सावकाश टिकटिक. दाराशी नेलं. सावकाश. कठड्याला टेकवून पाहिलं, पेटी असते त्याच जागी. तिथेही फारसा फरक नाही.

“गच्ची निर्दोष,” बैजू म्हणाला. “आता आरोपी नंबर दोन. पेटी.”

पेटी रिकामी करून उलटी केली. एक वाळकं पान पडलं. यंत्र आत ठेवून दोघांनी पेटी उचलली आणि जिन्याच्या वरच्या चौकात, आडोशाला आणून झाकण लावलं.

सावकाश. शहाण्यासारखं.

“पेटीही निर्दोष!”

ते पुन्हा गच्चीत गेले, पेटी जागेवर ठेवली, झाकण लावलं, गाठोडं ठेवलं. पुन्हा भराभर.

बैजू मागे सरला. “हे बघ, मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी आहे, भुतावर माझा विश्वास नाही. पण भुताला ते माहीत आहे का?”

गोपिका हसली नाही. ती उठली, बसली, पुन्हा उठली. गच्ची एकटी निर्दोष. पेटी एकटी निर्दोष. यंत्र एकटं निर्दोष. तिन्ही एकत्र आली की दोषी. असं कसं?

“चहा आणतो,” बैजू म्हणाला. “तू घिरट्या घालणं थांबव, मला चक्कर येतेय.”

तो गेल्यावर गोपिकाने डोळे मिटले आणि वस्तूंऐवजी हात आठवून पाहिले. पेटी उघडताना हात आधी काय करतात? पेटी जिन्यात नेली तेव्हा हातांनी काय केलं नाही?

जिन्यात वारा नव्हता.

म्हणून झाकणावर वजन कुणी ठेवलंच नव्हतं. टीचरनी यंत्र खाली नेलं, तेव्हाही ते वजन इथेच राहिलं होतं. पेटी उघडायची झाली की जो तो आधी तेच उचलून बाजूला ठेवत होता.

तिने टिकटिक्या बाहेर काढला आणि निळ्या गाठोड्याला टेकवला.

तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसा तो तडतडला.

५

गाठोड्याला दुहेरी गाठ होती, टोकं आत खोचलेली. गोपिकाच्या आईची पद्धत. आणि गोपिकाची.

विजयादशमीला अजेषने सांगितलं होतं, कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी ठेव. पवित्र वस्तू उंच ठेवायची. कॉलेजात गच्चीहून उंच काय? आणि गच्चीत, चेचीच्या यंत्राच्या डोक्याहून मानाची जागा कुठली? शिवाय तिथलं झाकण वाऱ्याने थडथडत होतं. पवित्र वाळूची सोय झाली, झाकणाचीही झाली. आपण किती हुशार, असंच तिला त्या दिवशी वाटलं होतं.

तिने गाठ सोडली. करडी वाळू. उन्हात धरली तेव्हा तिच्यात काळे, चकचकीत कण दिसले. आणि शिंपल्याचा तुकडा निघाला, मोडका, टोकदार. समुद्रातला.

पेरियारच्या काठी हा कुठून येणार?

आता तिला सगळंच दिसलं. ही नदीची वाळू नव्हती. कोल्लमच्या उत्तरेला चवऱ्याच्या किनाऱ्यावर थोरियम असलेली, किरणोत्सारी वाळू आहे, हे तिकडच्या प्रत्येक पोराला शाळेत शिकवतात. आणि अजेष चवऱ्याचा.

पण अजेषने वाळू आणली होती एवढंच. ती यंत्राच्या डोक्यावर ठेवली होती तिने.

कठड्याखाली कॉलेजच्या मागचं तळं होतं, शेवाळाने भरलेलं. हात पुढे करायचा, फडकं झटकायचं. टिकटिक्या आपोआप शांत होईल. टीचर म्हणतील, मेरीनने लपवलेलं काढून टाकलं. गोपिकाचं नावही निघणार नाही. आणि सांगितलं तर? पहिल्या वर्षाची पोर, मंडळात येऊन धड पंधरवडा नाही, आणि तिसऱ्या वर्षाचं संशोधन मातीत घातलं. मातीत नव्हे, वाळूत. सगळे हसतील. हसून झाल्यावर बाहेर काढतील.

तिने फडक्याची चारही टोकं धरली आणि कठड्यापाशी गेली.

जिन्यात बैजूची शीळ वाजली. शीळ जवळ जवळ येत होती.

६

शुक्रवारी बैठकीला सगळे वेळेआधी आले. वाईट बातमीला माणसं वेळेआधीच येतात. मेरीन शेवटच्या बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन, निघायच्या तयारीत.

बैजू पहिला उठला आणि डबीचं सगळं सांगून टाकलं. टीचर गंभीरपणे म्हणाल्या, “गंध लावलंस? डबीला?” मागे कुणीतरी फिसकन हसलं. “तुझं नंतर बघते. पण आकडा दुप्पट होता तो होताच.”

“टीचर,” गोपिका उठली, “मी पुढे येऊ?”

तिने टेबलावर टिकटिक्या ठेवला. तो सावकाश वाजत होता. मग पिशवीतून निळं गाठोडं काढून त्याच्या शेजारी ठेवलं.

खोलीभर मोहरी तडतडली.

सुबैदा टीचर खुर्चीतून अर्धवट उठल्या. “काय आहे त्यात?”

“आपण सगळ्यांनी त्यात सूत्रं गिरवलीत टीचर. विजयादशमीची वाळू.”

“ती नदीची होती!” कुणीतरी म्हणालं.

गोपिकाने शिंपला पुढे केला. अजेषकडे तिने पाहिलं नाही. पण बाकी सगळ्यांनी पाहिलं.

अजेषच्या हातात आज काहीच नव्हतं. “मामाकडे जायला वेळ झाला नाही,” तो म्हणाला. “घरामागे ढीग पडलाय वाळूचा. एक पिशवी भरली. नदीची म्हणून सांगितलं. कुणाला कळणार होतं?”

“अरे, चवऱ्याचा मुलगा तू!” टीचरचा आवाज चढला. “परीक्षेत थोरियमवर पानं भरतोस!”

“पुस्तकात ती थोरियमची वाळू असते टीचर. घरामागे नुसती वाळू असते. आम्ही तिच्यात खेळलो, जाळी वाळवली. ती मोजायची गोष्ट आहे हे डोक्यातच नाही आलं. आणि ती गच्चीवर गेलीय हे देवाशप्पथ ठाऊक नव्हतं.”

“मग गच्चीवर नेली कुणी?”

सगळ्यांच्या माना बैजूकडे वळल्या. “च्यायला, गंध लावलं म्हणून काय सगळं माझ्यावरच?” तो ओरडला.

“मी नेली,” गोपिका म्हणाली. आवाज लहानच होता, पण त्या तडतडीतही ऐकू गेला. “उंच जागा म्हणून. झाकण उडू नये म्हणूनही. गाठ माझीच आहे. काल तळ्यात टाकून देणार होते. पण मग चेची खोटारडीच राहिली असती.”

टीचर टेबलाला वळसा घालून शेवटच्या बाकापाशी गेल्या. “मेरीन, मी पेटी पाहिली, यंत्र पाहिलं, कपाट पाहिलं. झाकणावरचं गाठोडं मीच माझ्या हाताने उचलून बाजूला ठेवलं आणि ते पाहिलं नाही. तुला सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोर सांगते. माझं चुकलं.”

मेरीनने मान हलवली. “पण निबंध गेलाच ना टीचर. आकडा पावसाचा नव्हता. वाळूचा होता.”

गोपिकाचा पाय पुन्हा हलायला लागला. म्हणजे निर्दोष सुटूनही चेचीच्या हातात काहीच राहिलं नाही, आणि ते आपल्यामुळे.

टिकटिक्या तडतडत होता. एकसारखा. मेरीन त्याच्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिची पिशवी मांडीवरून घसरून खाली पडली.

“एकसारखा आहे,” ती म्हणाली.

“काय?”

“वाळू काही पाऊस बघून टिकटिकत नाही! ऊन असो, पाऊस असो, तिचा हिस्सा तेवढाच. तेवढा काढून टाकला तर?” ती पुढे आली, संगणकावर दसऱ्यानंतरचे आकडे उघडले. रेष उंचावरून सरळ जात होती. पण पूर्ण सरळ नव्हती. दोन ठिकाणी तिला लहानसा उंचवटा होता. “हा बघा पहिला पाऊस. चढला. आणि हा उतरला. हा दुसरा. चढला, उतरला. एवढा मोठा आकडा बघून मी इतकी हुरळले होते, की हे बारके उंचवटे पाहिलेच नाहीत.”

टीचरनी चष्मा लावला. मग काढून पुसला आणि पुन्हा लावला. “वाळूचा हिस्सा वेगळा मोजावा लागेल. कोरड्या दिवशी. गाठोडं जसं होतं तसंच ठेवून.”

“ते मला माहीत आहे कसं होतं,” गोपिका म्हणाली. “गाठ कठड्याच्या बाजूला.”

“तुलाच माहीत असणार, मोळे,” टीचर म्हणाल्या. ‘लेकी’ म्हणावं तसं ते म्हटलं होतं. “दुसऱ्या कुणाला मी ते करू देणार नाही. पण आधी परिषदेला दुरुस्ती पाठवू या. निबंध मागे घेत नाही, सुधारतोय. काय चुकलं तेही लिहायचं. लपवायचं नाही.”

मेरीन लिहू लागली. टीचर मागे उभ्या राहून वाचत होत्या. “‘पेटीच्या झाकणावर किनाऱ्यावरची वाळू ठेवण्यात आली होती.’ बरोबर. असंच लिहितात. कुणी ठेवली ते लिहायची गरज नसते.”

“कुणी ठेवली नाही, ती ठेवण्यात आली!” बैजू म्हणाला. “मग डबीलाही गंध लावण्यात आलं होतं, असं लिहा ना.”

सगळे हसले. अजेषही हसला. गोपिका मात्र पडद्यावरच्या त्या ओळीकडे बघत होती. किती सोयीची ओळ होती. तिच्यात माणूसच नव्हता.

“चेची, जरा सर,” ती म्हणाली.

मेरीन बाजूला झाली. गोपिका खुर्चीच्या कडेवर बसली. ‘ठेवण्यात आली होती’ हे शब्द तिने एकेक अक्षर करून पुसले, त्यांच्या जागी स्वतःचं पूर्ण नाव घातलं, पुढे ‘हिने ठेवली होती’ असं लिहिलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत ते पाठवून दिलं.